नवा सहकारी अंध किंवा बधिरांध आहे? रुजू होण्याआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत काय करायचं

अंध किंवा बधिरांध व्यक्तीची निवड झाली की कार्यालयात पहिली चर्चा होते ती जिन्याची आणि स्वच्छतागृहाची. हे प्रश्न खरे आहेत, पण एका फेरीत सुटतात. नवा माणूस अडतो तो भलतीकडेच: रजेच्या पोर्टलवर, स्कॅन केलेल्या परिपत्रकात, तीस सेकंदांत बदलणाऱ्या सुरक्षा कोडवर. इमारत एकदा पाठ झाली की झाली, सॉफ्टवेअर मात्र दर महिन्याला बदलत राहतं. म्हणून इथे संगणकाला जास्त जागा दिली आहे. हे काम नुकतंच अंगावर पडलेले एचआरवाले, आयटीवाले आणि थेट वरिष्ठ, तिघांसाठी हा क्रम आहे.

आधी शब्द

अंध म्हणवणाऱ्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं. कुणाला फक्त उजेड कळतो, कुणाला आकार, कुणाला मधल्या एवढ्याशा गोलातलं अगदी स्पष्ट. बधिरांध म्हणजे दृष्टी आणि श्रवण दोन्ही इतकी कमी, की एकाची उणीव दुसऱ्यानं भरून निघत नाही. अंध माणूस कानाच्या भरवशावर असतो, बहिरा माणूस डोळ्यांच्या. त्यामुळे 'अंधांसाठीची सोय अधिक बहिऱ्यांसाठीची सोय' अशी बेरीज इथे चालत नाही. बोलणारं सॉफ्टवेअर ऐकू येत नाही आणि पडद्यावरची उपशीर्षकं दिसत नाहीत.

बधिरांधांमध्येही दोन माणसांची गरज सारखी नसते. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात अनेकदा बहिरेपण जन्मापासून असतं आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे दृष्टी पुढे हळूहळू जाते: आधी रातांधळेपणा, मग नजरेचा परीघ आक्रसत जातो. अशी व्यक्ती सांकेतिक भाषेत वाढलेली असू शकते. उलट जन्मतः अंध असलेल्या आणि पुढे ऐकू येणं कमी झालेल्या माणसाची भाषा बोलीच असते, वाचन ब्रेलमध्ये.

एक चूक इथे हमखास होते. 'कमी दिसतं ना, मग अक्षर मोठं करा.' नजरेचा परीघ अरुंद असेल तर मोठ्या अक्षरांमुळे त्या गोलात दोनच अक्षरं मावतात आणि वाचन उलट मंदावतं. म्हणून पुढची पायरी.

पायरी १: अहवाल मागू नका, प्रश्न विचारा

दृष्टी किती टक्के आहे यावरून माणूस एक्सेल कसा वापरतो ते कळत नाही. नेमणूक ठरली की, आणि शक्य तर मुलाखतीच्या आधीच, एवढं विचारा:

- वाचन कशानं करता: आवाजानं, ब्रेलनं, मोठं करून, की मिळून?
- कोणता स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारं सॉफ्टवेअर), कोणतं ब्रेल उपकरण, किती खणांचं (एका खणात ब्रेलचं एक अक्षर)?
- समोरासमोर आणि बैठकीत संवाद कसा हवा?
- नव्या इमारतीची ओळख कशी करून घेता, किती वेळ लागतो?
- आधीच्या ठिकाणी काय अडलं होतं?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. उत्तरात बहुधा एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरचं नाव येतं, आणि तेच तुमच्याकडेही असतं.

मुलाखतीत ऑनलाइन चाचणी असेल तर ती आधी तपासा. चित्र ओढून नेऊन ठेवायचे प्रश्न, फक्त चित्ररूप कॅप्चा आणि सरकत जाणारं घड्याळ या तीन गोष्टींमुळे पात्र उमेदवार दारातच गळतो. 'वेळ वाढवून देऊ' हे उत्तर अर्धंच आहे. जो प्रश्न स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही, तो दुप्पट वेळातही सुटत नाही.

पायरी २: संगणक किमान तीन आठवडे आधी मांडायला घ्या

विंडोजवर दोन स्क्रीन रीडर सर्वाधिक भेटतात. एनव्हीडीए मोफत आणि मुक्तस्रोत आहे, जॉजला परवाना विकत घ्यावा लागतो. ॲपलच्या यंत्रांवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आधीपासूनच असतात. 'मोफत आहे ना, मग एनव्हीडीएच वापरा' असं लादू नका. पंधरा वर्षं जॉजवर हात बसलेल्या माणसाला दुसरीकडे ढकलणं म्हणजे त्याच्या बोटांच्या सगळ्या सवयी मोडून काढणं. शिवाय काही जुनी व्यावसायिक सॉफ्टवेअरं एकात चालतात, दुसऱ्यात नाहीत. दोन्ही ठेवलेले उत्तम.

आयटी विभागात अडतं ते असं:

माणसानं लॉगिन केल्यावर स्क्रीन रीडर सुरू होतो, पण लॉगिनचा पडदाच वाचला जात नाही. एनव्हीडीएमध्ये साइन-इनच्या वेळीही सुरू होण्याची सेटिंग आहे. ती प्रशासकाचे अधिकार वापरून एकदा चालू करावी लागते.

सुरक्षा धोरणामुळे यूएसबी आणि ब्लूटूथ बंद असतात. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांना ब्रेलमध्ये देणारं उपकरण, त्याच वाटेनं जोडला जातो. त्या एका उपकरणाला अपवाद आणि त्याचा ड्रायव्हर, दोन्ही लेखी मंजूर करून घ्या.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरच्या संगणकावर आपल्या पडद्यावरून, काम असेल तर पलीकडचा पडदा इकडच्या स्क्रीन रीडरला निव्वळ चित्र असतो. सोय दोन्ही टोकांना लागते आणि जॉजच्या बाबतीत त्यासाठीचा परवानाही. नुसता आवाज ओढून आणला तर कळ दाबल्यावर अर्धा सेकंद उशिरा बोलणं येतं. दिवसभर असं काम करून बघा, म्हणजे तक्रार कशाची आहे ते कळेल.

ब्रेल डिस्प्लेत एका ओळीत खण असतात आणि प्रत्येक खणातली टिंबं वरखाली होतात. लुई ब्रेलनं १८२९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत सहा टिंबांची आहे, डिस्प्लेच्या खणात बहुधा आठ असतात. जास्तीची दोन कर्सर दाखवायला कामी येतात. चौदा किंवा वीस खणांचं उपकरण फोनसोबत बॅगेत राहतं, टेबलावर साधारण चाळीस खणांचं असतं, आणि आकड्यांचे तक्ते किंवा प्रोग्रॅमिंग असेल तर ऐंशी खणांचं मागितलं जातं. ज्याला वापरायचं आहे त्याला न विचारता डिस्प्ले घेऊ नका. मागणी नोंदवल्यावर तो यायला आठवडे लागू शकतात, म्हणून ही खरेदी सगळ्यांत आधी.

बधिरांध सहकाऱ्यासाठी आणखी दोन सेटिंग्ज पाहा. पहिली, ब्रेल टेबल, म्हणजे कोणत्या अक्षराला ब्रेलची कोणती टिंबं हे ठरवणारी यादी. मजकूर देवनागरीत आणि टेबल इंग्रजीचं असेल तर डिस्प्लेवर निरर्थक चिन्हं उमटतात, आणि माणसाला वाटतं यंत्रच बिघडलं. दुसरी, संदेश टिकण्याचा कालावधी. कोपऱ्यात उगवणारी सूचना काही सेकंदांत निघून जाते. बोटं त्या वेळी दुसऱ्याच ओळीवर असतात. एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये संदेश आपण हटवेपर्यंत टिकवून ठेवता येतो. तीस सेकंदांनी बदलणाऱ्या कोडऐवजी सुरक्षा चावी (संगणकाला जोडून ओळख पटवणारं छोटं उपकरण) किंवा बोटाचा ठसा द्या, कारण कोड वाचून, मजकुराच्या चौकटीपर्यंत परत येऊन तो टाइप करेपर्यंत नवा कोड आलेला असतो.

पायरी ३: उंदीर बाजूला ठेवून रजा टाकून बघा

रोज लागणाऱ्या दहा कामांची यादी करा: हजेरी, रजा, खर्चाचा परतावा, पगारपत्रक, मेल, चॅट, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, आणि त्या पदाचं मूळ सॉफ्टवेअर. मग माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर वापरून प्रत्येक काम शेवटपर्यंत करा. इथेच निम्मे दोष हाती लागतात. त्यानंतर एनव्हीडीए चालू करा आणि त्याच्या टूल्स मेन्यूतला स्पीच व्ह्यूअर उघडा. जे बोललं जातं ते त्यात अक्षरांत दिसतं, त्यामुळे वेगवान आवाजाची सवय नसलेल्या डोळस माणसालाही तपासता येतं. ब्रेलसाठीही तसाच व्ह्यूअर आहे.

रजेचा एक नेहमीचा अर्ज असा ऐकू येतो. टॅब: 'बटण'. टॅब: 'बटण'. टॅब: 'एडिट, रिकामं'. टॅब: 'एडिट, रिकामं'. टॅब: 'बटण'. डोळ्यांना इथे घराचं चिन्ह, घंटेचं चिन्ह, 'पासून', 'पर्यंत' आणि 'सादर करा' असं सगळं स्पष्ट दिसतंय. चिन्हांना नाव दिलेलं नाही, चौकटीशेजारची अक्षरं चौकटीला जोडलेली नाहीत. तारीख निवडायचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही. अंदाजानं भरून शेवटचं बटण दाबलं तर चुकलेल्या चौकटीभोवती लाल रेघ येते आणि बाकी शांतता. रजा मिळाली की राहिली, ते बॉसला फोन केल्यावरच कळतं.

विक्रेत्याकडे तक्रार करताना 'अंधांना चालत नाही' एवढंच लिहू नका. कोणता पडदा, कोणती चौकट, कळ कोणती दाबली, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय आलं, हे लिहा. सोबत डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, संदर्भ द्या. या मानकाची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि बहुतेक ठिकाणी 'एए' पातळी अपेक्षित धरतात. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा फरक हवा, हे त्यातलंच. नवी खरेदी करताना विक्रेत्याची 'आमचं उत्पादन पूर्ण सुगम आहे' ही ओळ पुरावा समजू नका. कराराआधी त्याला म्हणा, तुमच्याच माणसानं माउस न वापरता आमच्यासमोर एक व्यवहार पूर्ण करून दाखवावा. हे सगळं रुजू होण्याआधी दुरुस्त झालं नाही तर तात्पुरती वाट ठरवा: रजेसाठी मेल चालेल, तो कुणाला, आणि नोंद कोण करेल. तात्पुरत्या वाटेला शेवटची तारीख घाला, नाहीतर तीच कायमची होते.

पायरी ४: फायली

हे काम सगळ्या टीमचं आहे, आणि पंधरा मिनिटांत शिकवता येतं.

वर्डमध्ये मथळा ठळक आणि मोठा करून भागत नाही, स्टाइलमधलं 'हेडिंग' द्यावं लागतं. कंट्रोल-ऑल्ट-१, २, ३ या कळांनी ते लागतं. डोळस माणूस पान नजरेखालून घालतो, तसा स्क्रीन रीडरवाला एच दाबत मथळ्यांवरून उड्या मारतो. वेब पानावर इन्सर्ट-एफ७ दाबलं की एनव्हीडीए मथळे आणि दुवे यांची यादीच काढून देतो. मथळेच नसतील तर चाळीस पानं ओळीओळीनं ऐकावी लागतात. दुव्यांनाही हेच लागू: यादीत 'इथे क्लिक करा' बारा वेळा आलं तर कशाचा काही पत्ता लागत नाही.

एक्सेलमध्ये जोडलेल्या सेल्स टाळा. तक्ता ए१ पासून सुरू करा, मध्ये शोभेच्या रिकाम्या ओळी सोडू नका. रिकामी ओळ आली की वाचणाऱ्याला वाटतं तक्ता संपला. 'लाल म्हणजे थकीत' असं असेल तर शेजारी 'थकीत' असा रकाना हवाच.

पीडीएफची गोष्ट वेगळी. सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून पाठवलं की स्क्रीन रीडरसाठी ते कोरं पान. इन्सर्ट-आर दाबून एनव्हीडीए विंडोजच्या मदतीनं चित्रातली अक्षरं ओळखू शकतो, पण रकमा आणि तारखांच्या बाबतीत त्यावर विसंबून सही करायला लावू नका. ३ चा ८ झालेला कळणारही नाही. स्कॅनसोबत मूळ वर्ड फाइल द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं टंकलेखन असेल तर अक्षरं दिसतात एक आणि आत असतात भलतीच. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा.

चित्राचं वर्णन लिहिताना 'आलेख' असं लिहून सोडू नका. आलेखातून जे सांगायचंय तेच वाक्य लिहा: 'विक्री एप्रिलपासून सलग तीन महिने घटली.'

पायरी ५: बैठका

ऑनलाइन बैठकीत शेअर केलेला पडदा म्हणजे व्हिडिओ. त्यातलं अक्षरही स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. फाइल एक दिवस आधी पाठवा, दुभाषी येणार असतील तर दोन दिवस. बोलण्याआधी नाव सांगा. 'हा आकडा बघा, इथून इकडे गेलाय' याऐवजी 'तिसऱ्या स्लाइडवर मार्चचा आकडा' असं म्हणा. चॅटमध्ये समांतर गप्पा नकोत: प्रत्येक संदेश स्क्रीन रीडर वक्त्याच्या आवाजावर वाचत सुटतो, म्हणजे दोन माणसं एकाच वेळी एकाच कानात बोलतात.

बैठकीत बधिरांध सहकारी असेल तर गती बदलावी लागते. दुभाष्यामार्फत वाक्य पोचायला काही सेकंद जातात. 'कुणाला काही विचारायचंय? नाही? पुढे जाऊ' हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचतं तेव्हा पुढचा विषय निघालेला असतो. प्रश्नानंतर थांबा, आणि पहिली संधी त्यांना द्या. स्पर्शानं सांकेतिक भाषा देणं (ऐकणारा दुभाष्याच्या हातांवर हात ठेवून खुणा ओळखतो) दमवणारं असतं. लांब बैठकीला किमान दोन दुभाषी लागतात, आणि ते साधारण दर पंधरा ते वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. दमतो तो फक्त दुभाषी नव्हे. हात उचलून धरून ऐकणाऱ्याचे खांदेही भरून येतात. कोपर टेकवायला टेबल किंवा उशी द्या, सारख्या उंचीच्या खुर्च्या मांडा, दर तासाला खरी सुट्टी ठेवा. थोडी दृष्टी असेल तर दुभाष्याचा कपडा एकरंगी आणि त्वचेच्या रंगापासून वेगळा उठणारा असावा, मागे चकाकती खिडकी नसावी. तुम्ही बोलायचं सहकाऱ्याशी. 'त्यांना सांगा की' असं दुभाष्याला म्हणायचं नाही.

दुभाष्याऐवजी कुणी बोललेलं टाइप करत असेल आणि ते ब्रेल डिस्प्लेवर जात असेल, तर लक्षात ठेवा: माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, अनेकांचं ब्रेलवाचन त्याहून संथ असतं. चॅटचा संदेश लिहितानाही मुद्दा आधी घ्या. चाळीस खणांच्या डिस्प्लेवर दोनशे अक्षरांचं वाक्य पाच वेळा सरकवून वाचावं लागतं, आणि 'आशा आहे तुम्ही मजेत असाल' हा त्यातला पहिला तुकडा असतो.

पायरी ६: हाताची भाषा

दुभाषी दिवसभर नसतो. चहाच्या वेळी, जिन्यात, एखादी फाइल देताना टीमला स्वतः बोलता यायला हवं. आधी पाठीमागून धक्का न देता खांद्यावर किंवा दंडावर हलकेच हात ठेवा आणि तो तिथेच राहू द्या. हात झटकन काढला तर कोण, कुठल्या बाजूला, काहीच कळत नाही. मग आपली ओळख. प्रत्येकानं एक स्पर्शनाव ठरवून घ्यावं: मनगटावर दोन टिचक्या, तळव्यावर एक गोल, काहीही, पण कायम तेच.

मजकूर द्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तळहातावर बोटानं एकेक अक्षर गिरवणं. अक्षर तळव्याच्या मध्यभागी, मोठं, प्रत्येक एकावर एक त्याच जागी. शब्द संपला की तळहात सपाट हातानं पुसल्यासारखं करा. चुकलं तरी तसंच पुसा आणि पुन्हा लिहा. कोणत्या लिपीत हवं ते आधी विचारा. काही जण लॉर्म वर्णमाला वापरतात, त्यात तळवा आणि बोटांवरच्या ठरलेल्या जागांना स्पर्श करून अक्षरं सांगतात. जपानमध्ये बोटांवर ब्रेलची टिंबं दाबायची पद्धत आहे. लांब मजकुरासाठी फोनवर टाइप करा आणि तो त्यांच्या ब्रेल डिस्प्लेवर वाचू द्या. खोलीतून निघताना 'मी जातोय' हे सांगायला विसरू नका. रिकाम्या हवेशी बोलत राहण्याची वेळ अंध आणि बधिरांध दोघांवरही येते, आणि ती फार ओशाळवाणी असते.

पायरी ७: इमारत

पहिल्या दिवसाच्या आधी रिकाम्या कार्यालयात दोनदा फेरी करू द्या: दार ते टेबल, टेबल ते स्वच्छतागृह, टेबल ते जिना. घेऊन जाताना तुम्ही त्यांचा हात धरायचा नाही. त्यांनी तुमच्या कोपराच्या किंचित वर धरायचं, अर्धं पाऊल मागे राहून. अरुंद वाटेत तोच हात पाठीमागे न्या, म्हणजे ते तुमच्या मागे येतात. जिन्यापाशी क्षणभर थांबून 'वर' की 'खाली' ते सांगा. खुर्ची दाखवायची तर त्यांचा हात पाठीच्या दांड्यावर ठेवा, बाकी ते बघून घेतात.

पांढरी काठी जमिनीवरचं शोधते. भिंतीवर साधारण सत्तर सेंटिमीटरच्या वर लटकणारी पेटी, अर्ध्यात उघडं दार, जिन्याखालची तिरकी बाजू तिला सापडत नाही, थेट कपाळाला लागते. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी अनेक देशांत बधिरांध व्यक्तीची खूण मानली जाते, हे सुरक्षारक्षकाला माहीत असू द्या. हजेरीचं टचस्क्रीन यंत्र आणि सपाट काचेचं कॉफी मशीन सर्वांत त्रासदायक. मोजक्या बटणांवर उठावाचे चिकट ठिपके लावले तर काम भागतं. सगळ्यावर लावू नका, ठिपकेच ठिपके झाले की कुठलंच बटण ओळखू येत नाही.

आगीचा इशारा बधिरांध सहकाऱ्याला ना ऐकू येतो ना दिवा दिसतो. इशारा यंत्रणेशी जोडलेलं, अंगावर बाळगायचं कंप पावणारं उपकरण घ्या, आणि जवळ बसणाऱ्या दोन सहकाऱ्यांना जबाबदारी द्या, दोघांच्या रजेच्या दिवसांसाठी तिसरा. अनेक ठिकाणच्या बधिरांध समूहांत पाठीवर बोटानं मोठी फुली काढणं म्हणजे 'आणीबाणी, काही न विचारता आत्ता चल' अशी खूण आहे. ती किंवा त्यांना माहीत असलेली दुसरी खूण पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि जिन्यानं खाली उतरून एकदा सराव करा.

पायरी ८: पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात वेग मोजू नका. नवं सॉफ्टवेअर डोळस माणूस बघत बघत शिकतो. स्क्रीन रीडरवाला त्याचा नकाशा डोक्यात तयार करतो, आणि तो एकदा झाला की बहुधा माउसवाल्यापेक्षा भरभर चालतो. प्रशिक्षकानं 'वर उजवीकडचं निळं बटण' म्हणू नये, बटणाचं नाव आणि कळ सांगावी.

मात्र 'सांभाळून घेऊ' म्हणून काम हलकं करू नका. अवघड ग्राहक, मोठा अहवाल, बाहेरगावची बैठक यांतून एकाला वगळलं की वर्षाअखेरीस मूल्यमापनात दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि बढतीच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं बसा आणि एकच विचारा: या पंधरवड्यात किती वेळ कामात गेला आणि किती वेळ कामापर्यंत पोचण्यात? दुसरा आकडा वाढला असेल तर कुठलं तरी अपडेट झालेलं असतं. कुठलंही मोठं अपडेट सगळ्यांना देण्याआधी आठवडाभर याच सहकाऱ्याच्या चाचणी यंत्रावर चालवा, पण हे तपासणं त्यांच्या कामाच्या तासांत आणि कामाच्या यादीत धरा. ब्रेल डिस्प्लेची टिंबं धुळीनं आणि हाताच्या घामानं अडकतात. दुरुस्तीला गेला तर बधिरांध माणसाचा संगणकच बंद पडतो, म्हणून बदली उपकरण कुठून आणि किती दिवसांत मिळेल, हे आजच लिहून ठेवा.